खदानीतली ढोली

मंग बैलाची बंडी खदानीपाशी आली, इथवर लिवलं ना बाबू? खदान म्हंजे आसगावच्या तळ्याच्या पारीखालची, मुरूम काढून खोल झालेली. घर पाडलं का फुटके कवेलू, माती, इटा तिथंच नेऊन टाकाच्या, असं पंचायतीनं ठरवलं होतं. अन् एकदा टाकलं का मंग कोनीबी उचलून न्यावं, कोनी कोनाले इचारे नाही.

शकुनबाईनं त्या साली सयपाकघर पाडून सिमिटाचं केलं. मलब्यासंगं सासूची ढोलीबी बंडीत घातली. धान भराची मातीची ढोली, चंद्रभागाबाईनं सोताच्या हातानं लिपून उभी केलेली. ढोली वली असतानाच करनारीनं तिच्यावर आपला पंजा उठवावा, अशी आपल्याकडची रीत. शकुनले वाटे, सिमिटाच्या घरात हे मातीचं धूड कायले? सासू तवा लेकीकडं एकोडीले गेली होती. परत आली तं शकुन म्हने, "आत्याबाई, काढता काढता फुटली जी."

बुडी म्हने, "फुटली तं फुटली. मातीच होती."

पन संक्रांतीले दोघी सासू-सुना वानाले गावातल्याच कुंताबाईकडं गेल्या. ओसरीवर तीच ढोली! गच्च धान भरलेली, शेनानं सारवलेली, पंजा तेवढा तसाच राखलेला. चंद्रभागाबाईची करंगळी धान कापताना इळ्यानं अर्धी गेली होती. ढोलीवरच्या पंजाचीबी करंगळी अर्धीच.

कुंताबाई बिचारी हासतच म्हने, "पाहा मावशी, शकुननं खदानीत कशी अलगद उतरवून ठेवली होती! जराशी चीरबी नाही."

बुडीनं आपला हात त्या पंजावर ठेवला. सुनेकडं पाह्यलंच नाही. "वान दे वो कुंता," म्हने, "घरी भात टाकाचा हाय."

त्या सांजी शकुननं ताट तसंच सरकवून ठेवलं. बुडीनं शिवी देली असती तं बरं झालं असतं. पन ती तं उलटी म्हने, "जेव ना वो, काहून उपाशी राहून राहिली?" तवापासून शकुन कुंताच्या गल्लीनं जात नाही. पान्यालेबी मारोतीच्या मागून, लांबून जाते. ढोली परत आनाचं लय मनात येते, पन भरदिवसा गावातून आनावं कोन्या तोंडानं?

आता बुडीनं खाट धरली. पडल्या पडल्या भिंतीवर हात फिरवते, सिमिट थंड लागते म्हने.

कुंता मले काल बाजारात भेटली होती. तू उद्या आसगावले चालला ना बाबू, तं शकुनले माहा निरोप देजो: कुंतानं ढोली मोकळी करून ठेवली हाय. बंडीत धानाचं तनीस जाड आंथर म्हन, अन् दिवसाढवळ्याच घेऊन जा.