साहेबांचा दातांचा डॉक्टर

गाड्यांच्या शेडमध्ये त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. सरकारच्या बड्या सल्लागाराची गाडी चालवायची म्हणजे तोंडाला कुलूप हवं, आणि ते त्याने इतकं घट्ट लावलं होतं, की बाकीचे ड्रायव्हर चहा पाजून खोदून खोदून विचारायचे आणि हात हलवत परत जायचे. बायकोलाही तो ताकास तूर लागू देत नसे. "साहेबांचा माझ्यावर विश्वास आहे," एवढंच सांगे, आणि सांगताना छाती जरा पुढे येई.

दर पंधरवड्याला साहेब एका जुन्या इमारतीशी गाडी थांबवायला लावत. दारावर दाढेचं चित्र काढलेली पाटी. "दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," म्हणून जात, ते चांगले दोन तास लावत. माणसाला दात असतात तरी किती, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. आमच्या मौनीबाबाला पडला नाही.

तेव्हा त्याच्या बायकोची दाढ ठणकत होती. एक हात गालाला लावून ती पोळ्या लाटायची. एवढा मोठा डॉक्टर ओळखीत असताना गल्लीतल्याकडे कशाला जायचं, म्हणून त्याने भीत भीत साहेबांकडे शब्द टाकला. साहेब जरासे हसले. "बघतो. फार बिझी असतो रे तो." पुन्हा विचारलं, पुन्हा 'बघतो'. शेवटी गाल सुजून तिचा डोळा झाकला, तेव्हा सरकारी दवाखान्यात धावाधाव झाली. दाढ गेलीच, शेजारचा दातही घेऊन गेली.

मग एका सकाळी बातमी फुटली. त्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर साहेब परदेशी अधिकाऱ्यांना भेटत होते आणि सरकारला त्यांनी ते कळवलंच नव्हतं. दुपारपर्यंत साहेबांचा राजीनामा झाला आणि चौकशीवाल्यांनी ड्रायव्हरला बोलावलं.

"गाडी तूच नेत होतास. खरं बोल, नाहीतर नोकरी जाईल."

"साहेब दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणायचे."

"आणि तुला ते पटलं?"

"मी बायकोसाठी त्या डॉक्टरची वेळ मागितली होती हो. माहीत असतं तर मागितली असती का?"

चौकशीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते हसत सुटले. एकाला तर ठसका लागला. नोकरी वाचली. आपण बावळट ठरलो म्हणून वाचली, या विचाराने जिना उतरताना त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी साहेबांना शेवटचं घरी सोडायचं होतं. डिकीत सामानाचे खोके होते. फाटकाशी उतरल्यावर साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला सगळं कळलं होतं, तरी पोटात ठेवलंस. बायकोच्या दाढेचं काढून मला टोमणे मारायचास, ते काय मला समजत नव्हतं?"

मौनीबाबाने साहेबांकडे मान वळवली. इतकी वर्षं जपलेला विश्वास तो हाच.

"साहेब, तिची दाढ खरंच दुखत होती."

साहेबांचा हात खांद्यावरून निघाला. त्यांनी स्वतःच एक खोका उचलला आणि ते आत गेले.

घरी बायकोने दार उघडलं. "अहो, काय म्हणाले साहेब?" तिने विचारलं. ती विचारायची ते सवयीने, उत्तराची आशा तिने कधीच सोडली होती. तो चपला न काढताच खुर्चीत बसला.

"तूही बस," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."