पंख्यामागची झळ

हावड्याच्या एका खोलीत कालिंदीबाई घरूनच कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम करत. टेबलामागेच श्यामरावांची खाट होती. पक्षाघाताने नवऱ्याची वाचा गेलेली. उन्हाळाभर ते भिंतीकडे तोंड करून पडत. आपल्यावर रुसलेत असं वाटून बाईंनीही बोलणं टाकलं.

कॉम्प्युटर तापून बंद पडू लागला, तेव्हा बाईंना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणणाऱ्या मेकॅनिकने आतली धूळ काढली. "पंखे बरोबर बसवलेत, बौदी. पुढून गार हवा आत, मागून गरम बाहेर. मागे हात धरून बघा."

बाईंनी हात धरला. झळ थेट श्यामरावांच्या उशीवर जात होती.

"अहो, कसं सांगणार होतात तुम्ही!" त्यांना रडू कोसळलं. टेबल त्यांनी त्याच दुपारी खिडकीशी नेलं आणि नवऱ्याशी पुन्हा बोलू लागल्या. श्यामराव त्यानंतर जेमतेम आठवडाभर जगले.