वीसची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — पाळकांना नाही, मुलाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मी तीस वर्षं फिटर होतो. केसाएवढा फरक नुसत्या बोटांनी ओळखायचो आणि ते चारचौघांत सांगायचोही. निवृत्तीनंतर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचं काम माझ्याकडे आलं. मग काय, आणखी फुगलो.

पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी काय केलं? शनिवारी दुपारी बायकोला, सुगंधाला, तो उतारा मोठ्यानं वाचायला लावायचो — तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, असं म्हणून. दोन-तीनदा ऐकून पाठ करायचो. रविवारी समोर पुस्तक उघडं ठेवायचं आणि घडाघडा म्हणायचं. लोक म्हणायचे, भाऊ, या वयात बिनचष्म्याचं वाचता! मला ते आवडायचं.

सुगंधाला मधुमेह. सकाळचं वीस युनिट इन्सुलिन आधी ती स्वतःच घ्यायची, नीट घ्यायची. पण माझ्यासारखा सफाईदार हात तिचा नाही, असं म्हणून ते काम मी स्वतःकडे घेतलं होतं. मुलगा तिकडे बेसाला वेगळा राहतो. तो म्हणाला, बाबा, शेजारच्या सिस्टरबाईंना सांगू का? मी त्याला उडवून लावलं. ज्या हातांनी अख्खी गिरणी चालवली, त्यांना वीसची रेघ सापडणार नाही?

एका सकाळी नाहीच सापडली. सिरिंजवरच्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. अंदाजानं भरलं, टोचलं. थोड्या वेळानं ती घामाघूम होऊन ओट्याशी कोसळली. ऑटोत तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हाच मला कळलं होतं — मी जास्त दिलं.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिलं होतं? मुलगा शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "वीसच दिलं. तिनं विसरून पुन्हा घेतलं असेल."

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "मी दोनदा घेतलं? मले काहून आठवत नाही जी?"

"वय झालं ना आता. होते असं."

मुलानं तिचं गॅसजवळ जाणं बंद केलं, एकटीनं चर्चच्या महिला सभेला जाणं बंद केलं. इन्सुलिन द्यायला सिस्टरबाई येऊ लागल्या — तिच्या विसरण्यामुळे, माझ्या डोळ्यांमुळे नाही. ती घाबरली होती.

पुढच्या शनिवारी तिनं उतारा वाचून दाखवला. हे सगळं मी माझ्या बळावर उभारलं, असं म्हणणाऱ्या आणि मग देवाच्या शिक्षेनं गुरासारखं गवत खाणाऱ्या त्या राजाचा. रविवारी मी तो बिनचूक म्हटला. लाज वाटली का? वाटली. तरी म्हटला.

दोन वर्षांनी ती गेली. मग मुलानं बळेच माझं ऑपरेशन करून घेतलं. दिसायला लागल्यावर तिच्या कपाटात एक वही सापडली. विसरू नये म्हणून रोज लिहायची — दूध किती घेतलं, कोण आलं, गोळी कधी घेतली. मला आठवतं तेवढं सगळं ताडून पाहिलं. एक चूक नाही. प्रत्येक पानावर शेवटची ओळ एकच: काही विसरले का, यांना विचारणे.

ती रोज संध्याकाळी विचारायचीही. मी म्हणायचो, "आज नाही."