साडूची पाण्याची बाटली

माझ्या थोरल्या साडूइतका संशयी माणूस कर्जत-खालापुरात दुसरा झाला नाही, आणि त्याच्यावर संशय घेणारा माझ्याइतका चिवट माणूसही झाला नाही. लढाई संपल्यावर तो पलटणीतून परतला, तो खाकी सदरा, पायाला पट्ट्या आणि डाव्या कमरेला लोंबणारी पाण्याची बाटली घेऊन. वहाणा घालायच्या आधी तीनदा दगडावर आपटायचा. म्हणायचा, "वाळवंटातला इंचू सांगून येत नाय." खालापुरात वाळवंट कुठलं, ते आपण विचारायचं नाही. सासूबाईंनी दिलेला चहासुद्धा आधी हुंगायचा. पंगतीत बसला की पाठ भिंतीला. आणि पाताळगंगेवर आंघोळ करायचा तीही सदरा घालून.

मी सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, हा कसला शिपाई, कल्याणच्या बाजारात पलटणीचं जुनं सामान मिळतं, तिथून उचललंय सगळं. पण सासरे ऐकायचे नाहीत. जेवताना त्यांच्या शेजारचा पाट थोरल्या जावयाचाच.

मग एकदा सरकारी मोटार आली आणि देवळापुढं पडदा बांधून लढाईची चित्रं दाखवायला लागली. गाव बंदुका बघत होता, मी कमरा बघत होतो. लोखंडी टोप, पाठीवर पिशवी, फावडं, आणि बाटली दर गड्याच्या उजव्या अंगाला. मी उभा राहून मोठ्यानं विचारलं, "साडू, समद्यांची बाटली उजवीकडं हाय. तुमचीच डावीकडं कशी?"

लोक हसले. साडू उठला, वहाणा तीनदा आपटल्या आणि चालता झाला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तो पाट मला दिला.

तरी माझं समाधान होईना. चार दिवसांनी मी त्याच्या मागावर नदीला गेलो. आसपास कुणी नाही असं बघून त्यानं खडकाआड सदरा काढला. डाव्या खांद्यावर मांसच नव्हतं. चूळभर पाणी राहील एवढा खळगा. बाटली उजवीकडं लोंबवायची तर पट्टा नेमका तिथंच येणार.

त्यानं मला पाहिलं. सासऱ्यांना सांगतो, असं मी कसंबसं म्हणालो. तो सदऱ्याची बटणं लावत राहिला.

"नको रं. खांदा दाखवून पाट मागायचा नाय मला."

मी त्याचा शब्द पाळला. खरं तर त्याच्या शब्दाआड माझी चूक झाकली; चूक कबूल करायची मला सवय नव्हती. सासरे जाईपर्यंत पाट माझाच राहिला. साडू पंगतीच्या टोकाला, पाठ भिंतीला लावून, माझ्याकडं बघून हसायचा.

आता तोही नाही. बाटली माझ्या खुंटीला आहे. वहाणा मीही तीनदा आपटतो. विंचू अजून निघालेला नाही, पण आपटल्याशिवाय पाय आत जात नाही.