चिंध्या बांधलेली लेझीम

माझा आवाज मोठा आहे. उमेदीची सगळी वर्षं शाळेत पीटी शिकवण्यात गेली. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरातली मंडळी म्हणतात, तुला फोन लागतो तरी कशाला?

चाकणजवळच्या आमच्या गावात शेती आता नावापुरतीच राहिली आहे. वावरात कंपन्या आल्या आणि उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याच्या खोल्यांची रांग बांधली. समोर मोठं अंगण आणि आंब्याची जुनी झाडं. मे महिन्यात त्या सावलीत पोरं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायची. ते बघवेना, म्हणून मी सकाळचं शिबिर काढलं. आधी मागच्या तळ्यापर्यंत झाडं-पाखरं बघत फेरी, मग अंगणात लेझीम. शाळेने मोडीत काढलेल्या लेझिमी मी उचलून आणल्या होत्या आणि त्यांच्या गंजक्या साखळ्यांना तेल पाजून पुन्हा खणखणीत केल्या होत्या.

पहिल्याच दिवशी सगळ्या लेझिमी एकदम वाजल्या, वरून माझी शिट्टी. मला स्वर्ग दोन बोटं उरला. तेवढ्यात एका खोलीचं दार उघडलं आणि बनियनवरचा एक माणूस लाल डोळ्यांनी बाहेर आला. मराठवाड्याकडचा आमचा भाडेकरू. त्याने हात जोडले.

"मॅडम, रातभर मशीनवर हुतो बघा. जरा डोळा लागू द्या की."

मुलांमध्ये त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. तिने हातातली लेझीम खाली ठेवली, तीसुद्धा साखळी मुठीत धरून, वाजणार नाही अशी.

मी भडकले. अंगण आमचं, झाडं आमची, आणि तासभर लेझीम खेळायची चोरी? जाऊबाई दारात कैऱ्या चिरत बसल्या होत्या, त्यांच्यापाशी मी तणतणले. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "भाडं घ्येतो न्हवं आपण त्यांच्याकडनं? मग झोप द्यायला काय हुतंय?"

मी पोरांकडून लेझिमी गोळा केल्या. लेझीम बंद ठेवली, फेरी तेवढी चालू राहिली.

फेरीत माझी वेगळीच पंचाईत. "तो बघा खंड्या" असं मी म्हणेपर्यंत खंड्या पलीकडच्या काठाला गेलेला असायचा. मुलं खिदळायची. त्या मुलीला मात्र सगळं दिसायचं. ती पुढे जायची, थांबायची, नुसतं बोट वर करायची. टिटवीची अंडी तिनेच शोधली, आणि टिटवी ओरडायच्या आत आम्हाला मागेही हटवलं.

"एवढं हळू चालायला कुठं शिकलीस गं?" मी विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "पप्पा नाईटला असतात ना. मी कडी लावताना मध्ये फडकं घालते, मग ती वाजत नाही." मग म्हणाली, "काकू, शिबिराचा शेवटचा कार्यक्रम सकाळीच ना? तेव्हा ते झोपलेलेच असणार."

तक्रार नव्हती ती, नुसती माहिती दिली. पण तिला लेझीम खेळायची होती, आणि ती वडिलांनी बघायला हवी होती. माझ्या डोक्यात ते कडीतलं फडकं अडकून बसलं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी जुनी सुती लुगडी फाडून चिंध्या केल्या आणि आम्ही प्रत्येक साखळीला त्या घट्ट गुंडाळल्या. शिट्टी खिशात, ताल माझ्या हाताच्या इशाऱ्यावर. पोरं ओठांतल्या ओठांत आकडे मोजत बसत, उठत, वळत होती. आवाज फक्त पायांचा. कांद्याचा टेम्पो घेऊन जाणारा एकजण कुंपणापाशी थांबून बराच वेळ बघत राहिला. "काकू, आवाज गेलाय का तुमच्या लेझमीचा?" त्याने शेवटी विचारलं. ती मुलगी पहिल्या रांगेत होती आणि हसू दाबून दाबून तिचे गाल फुगले होते.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक खोलीचं दार वाजवलं. उद्या थोडा वेळ खरी लेझीम वाजवू द्याल का, एवढंच विचारलं. सगळे हो म्हणाले. तिचे वडील डबा भरून कंपनीच्या बसला निघाले होते. "वाजवा की. जमलं तर मीबी बघतो," म्हणाले. तिला मी काही सांगितलं नाही. माणूस रात्रभर राबून येणार, त्याचा काय भरवसा द्यायचा?

सकाळी अंगण भरलं. मी म्हटलं, "सोडा चिंध्या." पहिला ठोका पडला आणि पोरं स्वतःच्याच आवाजाने दचकली. निम्मी उभी राहिली, निम्मी खाली बसली, आंब्यावरचे कावळे उडाले. सगळं अंगण हसलं. पुन्हा सुरुवात करायला शिट्टी तोंडात घेतली, तेव्हा दिसलं, तिच्या लेझमीची चिंधी तशीच होती.

"सोड गं ती."

तिने मान हलवली आणि आपल्या खोलीच्या बंद दाराकडे बोट केलं. "पप्पा आत्ताच आले असतील."

ते तिच्या मागेच उभे होते. अंगावर कंपनीचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. ते पुढे येऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. "वाजव," म्हणाले. "आज मी जागाच हाय."

तिने पहिला ठोका अगदी हळू दिला, त्यांच्या तोंडाकडे बघत. मग दुसरा. मग पोरीने असा काही दणका उडवला की शेजारची मुलं तिच्याकडे बघून ताल धरू लागली. शिट्टी वाजवायचं मी विसरून गेले होते.

टाळ्या पडल्या तेव्हा वडील आंब्याच्या बुंध्याला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन गाढ झोपले होते. मला वाटलं, आता ही रडणार. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शेवटच्या बैठकीपर्यंत जागे होते. मी बघत होते."

मग तिने तळ्यावर करायची तसं बोट वर केलं. सगळं अंगण चपला हातात घेऊन चवड्यांवर बाहेर पडलं, आणि मीही. मागे वळून पाहिलं, तर ती वडिलांशेजारी बसून लेझमीला पुन्हा चिंधी बांधत होती.