बुटांचे प्रस्थान

कोणताही प्रवास नियोजनानेच सिद्धीस जातो, असे आमचे काका सांगत. परवा एरंडेल लावलेल्या चामड्याचा वास आला आणि वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते तेव्हाचा एक शनिवार-रविवार आठवला.

दादा अमरावतीला कॉलेजात होता. रविवारी कॉलेजच्याच मैदानावर त्याचा पहिला फुटबॉल सामना होता आणि त्याचे बूट दुरुस्तीसाठी घरी, देऊळघाटला आले होते. बुटांशिवाय कप्तान त्याला खेळवणार नव्हता. ते घेऊन काका आणि मी शनिवारी निघणार होतो. पण शनिवारी पूर्वेला जाणे अशुभ. म्हणून काकांनी शुक्रवारीच मुहूर्त पाहून प्रस्थान ठेवले. सामानातली एक वस्तू आधीच शेजारच्या रहीमचाचांकडे नेऊन ठेवली, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरायचे. वस्तू महत्त्वाची हवी, म्हणून त्यांनी बूट निवडले.

रविवारी मैदानावर दादाने हात पुढे केला. "काका, माहे बूट?"

काकांनी पिशवी दोनदा चाचपली. "ते तं शुक्रवारीच निघाले, बापू."

"मंग पोचले काऊन नाहीत?"

दादा सामनाभर कडेला बसला. मला तेव्हा रडू आले होते. त्या मोसमात कॉलेजने जिंकलेला तो एकमेव सामना.