कासूचा लाल ठिपका

'सगळं ठीक आहे' या वाक्यावर काडीचाही विश्वास नसलेला अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच गृहस्थ आहे, आणि तो माझा साडू आहे. हे वाक्य कानावर पडलं की साडू मान किंचित तिरकी करतात आणि शांतपणे विचारतात, "कशावरून?" मुलगी बघायला ते कासूला माझ्या सासुरवाडीला आले, तेव्हा थोरला जावई या नात्याने मीही सतरंजीवर पंचाच्या थाटात बसलो होतो. सासरे कौतुकाने म्हणाले, "सैपाकात पोरगी एकदम तयार हाय." साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कशावरून?" मुलीच्या काकांना घाम फुटला. मी मनातल्या मनात हे स्थळ खोडून टाकलं. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "आता खाल्लात ते पोहे तिनंच केलेत. आनखी देऊ काय?" साडूंनी मुकाट्याने बशी पुढे केली आणि लग्न जमलं. त्या दिवसापासून सासूबाईंचं आणि साडूंचं जे गूळपीठ जमलं ते जमलंच. मी थोरला असूनही त्या घरात मला दुसऱ्यांदा पोहे मागूनच घ्यावे लागतात.

साडू राहतात रोह्याला आणि नोकरी करतात धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत. काम म्हणाल तर बघत बसणं. कंपनीतला प्रत्येक कॉम्प्युटर, कॅमेरा आणि प्रिंटर त्यांच्यासमोरच्या पडद्यावर एकेक ठिपका होऊन दिसतो. चालू असेल तर हिरवा, बंद पडला की लाल. असं नजर ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, आणि त्या सॉफ्टवेअरवर नजर ठेवायला आमचे साडू असतात. या कामाने त्यांना एक वाईट खोड लागली. कुठेही गेले तरी ते आधी कड्याकोयंडे तपासतात. आमच्या मुलाच्या बारशाला आले, तर बाळ बघायच्या आधी त्यांनी मागच्या दाराची कडी बघितली आणि "ही बाहेरून उघडते" असं सगळ्या पाहुण्यांसमोर करून दाखवलं.

माझा पेणला गणपतींचा कारखाना आहे. तिथल्या वायफायचा पासवर्ड मी देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा ठेवला होता. साडूंना हे कळलं तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले. म्हणाले, "पेणेतल्या निम्म्या कारखान्यांचा हाच असेल." मग त्यांनी मला एक नवा पासवर्ड दिला. तो इतका लांबलचक होता की वाचता वाचता मध्ये श्वास घ्यावा लागे. कागदावर लिहायचा नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून मी तो समोरच्याच एका मूर्तीच्या बैठकीखाली पेन्सिलीने लिहून ठेवला. ऐन हंगामाच्या धांदलीत ती मूर्ती टेंपोत चढली आणि कुठल्याशा गावी गेली. अनंत चतुर्दशीला तो पासवर्ड वाजतगाजत पाण्यात गेला असणार. मला वाटलं होतं साडू चिडतील. पण ते म्हणाले, "आता मात्र तो खरा सुरक्षित झाला."

सासरे गेले तेव्हा सासूबाई कासूच्या घरात एकट्याच होत्या. सासरे दुपारी गेले आणि आम्हा जावयांना, लेकींना कळायला संध्याकाळ झाली. आम्ही सगळेच रडलो. पण साडूंनी ती गोष्ट जिवाला लावून घेतली. आई एकट्या असतील आणि पुन्हा आपल्याला उशिरा कळेल, ही एकच भीती त्यांच्या मनात घर करून बसली. महिन्याच्या आत त्यांनी सासूबाईंकडे इंटरनेटचा डबा बसवला. सासूबाईंना इंटरनेटशी कर्तव्य नव्हतं. डब्याने फक्त हिरवं राहायचं होतं. मग पेणला आमचा, जिते गावात त्यांच्या आत्याचा, असे नात्यातले सगळे डबे त्यांनी रोह्याच्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडून घेतले. त्यावरही कंपनीतलंच ते नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. आमच्याकडे वीज गेली की आधी साडूंचा फोन येई आणि मग अंधार व्हायचा.

या सगळ्या ठिपक्यांत कासूचा ठिपका भलताच नाठाळ निघाला. रोज दुपारी चहाच्या वेळेला तो लाल व्हायचा. साडू हातातलं काम टाकून फोन लावत, "आई, ठीक आहात ना?" सासूबाई सांगत, "मी हाय, पन त्या डब्याला काय झाला म्हाईत नाय." मग वायर हलवा, बटण दाबा असं करत करत अर्धा तास जाई, त्यात शेजारणीची म्हैस आणि गुडघेदुखीही येऊन जाई, आणि ठिपका पुन्हा हिरवा होई. साडूंनी डबा बदलला, वायर बदलली, उंदरांचा पिंजरा लावला. खाडीवरचा खारा वारा दुपारीच का सुटतो, यावर त्यांनी मला एकदा रोहा स्टेशनवर गाडी चुकेपर्यंत समजावलं. ठिपका काही ऐकेना.

मग एक दिवस बातमी आली की त्या नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच भोक आहे. पासवर्ड न देता कोणीही आत शिरू शकतो आणि साडूंना जे जे दिसतं ते ते सगळं बघू शकतो. राखणदाराच्याच खिशाला भोक पडावं आणि त्यातून सगळ्या घरांच्या किल्ल्या रस्त्यावर सांडाव्यात, तसा प्रकार. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी लगेच नवी आवृत्ती पाठवली. साडू तिला ठिगळ म्हणत. पण हे ठिगळ लावायचं तर सॉफ्टवेअर थोडा वेळ बंद ठेवावं लागणार होतं, म्हणजे तेवढा वेळ कंपनीकडे कोणाचं लक्षच नाही. साडूंना हे सोसणं शक्य नव्हतं. त्यांनी पहिली शिफ्ट सुटताना गेटवर बसची वाट बघणारे कामगार आत बोलावले आणि एकेका यंत्रापाशी एकेक माणूस मोबाइल देऊन उभा केला. त्यातल्याच एका ऑपरेटरने मला जिते गावातल्या एका लग्नात ही हकीकत सांगितली. "मला सर्व्हरच्या खोलीत उभा केलानी. मी बोललो, चालू हाय. सायेब बोलले, कशावरून? मी बोललो, गरम हवा येतेय. तर विचारतात, किती गरम? आता काय सांगू? बोललो, चहा पिन्यासारखी." कॅन्टीनच्या फ्रीजपाशीसुद्धा माणूस होता. फ्रीज नेटवर्कवर नाय, असं त्याने सांगून बघितलं. साडू म्हणाले, "म्हणून तर त्याची जास्त काळजी."

कंपनीचं भोक बुजलं. घरच्या कॉम्प्युटरलाही साडूंनी ठिगळ लावलं, पण ते लावताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि त्यांचा चेहराच उतरला. आमचे डबे रोह्याहून दिसावेत म्हणून प्रत्येक डब्यात त्यांनी स्वतःच एकेक वाट उघडी ठेवली होती. ठिगळ लावलं तरी ती वाट उघडीच राहत होती. "कुठलं घर कधी बंद असतं, ते चोराला मी आयतं दाखवत होतो," ते मला म्हणाले, "आणि आई तिथे एकट्या." मग ते घरोघर फिरून वाटा बंद करत सुटले. कासूला मी त्यांच्याबरोबर होतो. काम उरकल्यावर साडूंनी सासूबाईंपुढे हात जोडले. "आता बाहेरून कोणाला काही दिसणार नाही. मलासुद्धा नाही."

"मंग फोन?" सासूबाईंनी विचारलं.

"आता त्याची गरजच नाही, आई."

सासूबाई बरं म्हणाल्या आणि डब्यावरचा विणलेला रुमाल उगाच नीट करू लागल्या.

पुढे काही दिवसांनी पोह्याचे पापड द्यायला मी कासूला गेलो होतो. चहा ठेवता ठेवता सासूबाई उठल्या, डब्याचं बटण त्यांनी बंद केलं आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, "आई, बटण का बंद केलंत?"

"बटन बंद केला की त्यांचा फोन यायचा," त्या म्हणाल्या. "आता नाय येत. पन सवय झालेय."

"म्हणजे रोज तुम्हीच?"

"मंग काय? एवढा नवाकोरा डबा रोज आपला आपून बंद पडंल काय?"

मी अंगणात जाऊन साडूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून अगदी बारीक आवाजात प्रश्न आला, "कशावरून?"

"त्यांनीच आत्ता सांगितलं."

साडूंनी फोन ठेवला. मी पायरी चढून आत येतो तर सासूबाईंचा मोबाइल वाजत होता. साडूंचाच. कुठलाही ठिपका लाल झालेला नसताना या माणसाने आयुष्यात केलेला हा पहिला फोन असावा, कारण बोलायचं काय ते त्यांना सुचत नव्हतं. सासूबाईच म्हणाल्या, "हाय, मी बरी हाय. सगळा ठीक हाय." मोबाइलचा आवाज मोठा होता. आतून प्रश्न आला, "कशावरून?"

आणि सासूबाई सांगू लागल्या. सकाळी भाकरी किती खाल्ली, शेजारणीची म्हैस व्यायली, गुडघा उजवा दुखतो की डावा, जिना चढताना की उतरताना. मधेच बोलता बोलता त्यांनी डब्याचं बटण आपणहून चालू केलं. माझा चहा चुलीवर उतू गेला ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

परतताना कासू स्टेशनवर गाडीची वाट बघत मी बायकोला फोन केला. "आई कशी आहे?" तिने विचारलं.

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत थांबलो. आज मला खूप सांगायचं होतं. पण ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.